चेटकीण म्हातारीच का असते?

शाळेत गोष्ट सांगून झाली की मुलं विचारतात. वाचनालयात सांगितली तर मुलांना न्यायला आलेल्या आया विचारतात. परवा रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी ओळख पटल्यावर पहिलं हेच विचारलं, "तुमच्या गोष्टींत चेटकीण नेहमी म्हातारीच का असते हो?" काहींच्या आवाजात कुतूहल असतं, काहींच्या आवाजात तक्रार. अशाने मुलं आजी-आजोबांना घाबरायला लागतील, असं एका आजोबांनी मला बजावलंही होतं. दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून बैठक मारून उत्तर देते.

मी नाशिकची. नोकरी आरोग्य खात्यात नर्सची, आणि त्यातला मोठा काळ पेठ आणि सुरगाण्याकडच्या पाड्यांवर गेला. निवृत्त झाल्यावर मुलांना जगभरच्या गोष्टी सांगायला लागले. त्यात जंगलातल्या, डोंगरातल्या, नदीकाठच्या म्हाताऱ्या जास्त आहेत हे खरं आहे. त्या मी मुद्दाम निवडल्या आहेत.

सगळ्याच चेटकिणी काही म्हाताऱ्या नसतात. ग्रीकांची सर्सी माणसांची डुकरं करते, पण ती तरुण आणि देखणी आहे. त्यांचीच दुसरी चेटकीण मीडिया, ती राजकन्या आहे. तरी मुलांना चेटकीण काढायला सांगा, शंभरातली नव्वद मुलं बाकदार नाक, पाठीला कुबड, विस्कटलेले पांढरे केस आणि हातात झाडू असंच चित्र काढतील. म्हणजे प्रश्न रास्त आहे.

आपण नाशिककर तर या प्रश्नाच्या उंबऱ्यावरच राहतो. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा दाखवतात आणि त्या नाकावरून गावाला नाव पडलं असं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. टीव्हीवर शूर्पणखा आधी नटूनथटून सुंदरी होऊन येते. कंबनाच्या तमिळ रामायणातही ती रूप पालटून येते. वाल्मीकींकडे तसं नाही. अरण्यकांडात ती स्वतःच्याच रूपात रामासमोर उभी राहते आणि कवी दोघांना शेजारी शेजारी ठेवून एकेक अवयव मोजतो. तो सुमुख, ही दुर्मुखी. त्याची कंबर सडसडीत, हिचं पोट सुटलेलं. त्याचे केस सुरेख, हिचे तांब्याच्या रंगाचे. आणि मग, 'तरुणं दारुणा वृद्धा'. तो तरुण, ही भयंकर म्हातारी.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत ती म्हातारी असल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने केलं काय? मागितलं. एका म्हाताऱ्या बाईने एका तरुण पुरुषाला उघडपणे मागणी घातली. त्यावर दोघा भावांनी आधी तिची थट्टा केली, ह्याच्याकडे जा, त्याच्याकडे जा म्हणून टोलवाटोलवी केली. ती चिडून सीतेवर धावली आणि मग नाक-कान गेले. सीतेवर धावून जाणं वाईटच, त्यात वाद नाही. पण थट्टा त्याच्या आधीची आहे, आणि मुलांना ते बरोबर दिसतं. पंचवटीतल्या एका शाळेत एका मुलीने विचारलं होतं, "आधी नाहीच म्हणायचं ना सरळ?"

म्हातारीने काही मागितलं की ती भयंकर दिसायला लागते. जगभरच्या गोष्टी सांगता सांगता माझ्या हाताला हा धागा लागला, आणि एकदा लागल्यावर सुटला नाही. माझं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर हे घ्या: गोष्टीतली चेटकीण म्हातारी असते, कारण तिचं आपण देणं लागतो. आणि ज्याचं देणं थकलंय त्याच्या दारावरून जाताना माणसाची मान खाली जाते, पाय भराभर उचलतात, पुढे पुढे त्याचा राग येतो आणि शेवटी भीती वाटते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका पाड्यावर एक सुईण होती. वय तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. नवरा गेलेला, पोटचं कुणी नाही, कडेला एक झोपडी आणि पाठीमागे थोडी वरकस जमीन. तिच्या बोटांची नखं मांसापर्यंत कापलेली असायची आणि हाताला तेलाचा वास. एका रात्री पहिलटकरणीसाठी मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा ती पोरीच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवून डोळे मिटून बसली होती. मी बॅग उघडतेय तोवर म्हणाली, "सिस्टर, पोर आडवं हाय. जीप बोलवा, उगा येळ काढू नका." मी तपासलं. पोर आडवं होतं. जीप आली, बाई तालुक्याला गेली, दोन्ही जीव वाचले. त्या पाड्यावरची निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. आणि कुणी गेलं की प्रेताला आंघोळ घालायलाही तिलाच बोलवायचे.

पुढच्या पावसाळ्यात गुरं आजारी पडली, एका घरची गाय आटली. भगताला बोलावलं गेलं. त्याने तांदूळ टाकले, नाव घेतलं नाही, पण 'कडेची' म्हणाला. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर ती दिसली की बायका हंडे उचलून निघायच्या. मी तिच्या झोपडीत जाऊन बसले, तेव्हा ती एवढंच बोलली, "माझ्याच हातावर पडलेली पोरं मला बघून पळतात."

मी पोलीस पाटलांना घेऊन घरोघर फिरले. जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. प्रकरण तिथेच थांबलं, त्याचं श्रेय पाटलांना. पण फिरताना एक गोष्ट कळली. बाळंतपणाचं तिला पायलीभर नागली आणि एक लुगडं द्यायची रीत होती, आणि कित्येक घरांत ते राहून गेलं होतं. कुणाची नागली राहिली, कुणाचं लुगडं. ती कधी आठवण करून द्यायला आली की घरचे तोंड चुकवायचे. ज्यांच्याकडे बाकी होती, त्यांचीच बोटं आधी उठली होती. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

आता हेच घेऊन इंग्लंडला चला. लँकेशायर परगणा, मार्च 1612. ॲलिझन डिव्हाइस नावाची एक गरीब मुलगी रस्त्याने चालली होती. समोरून जॉन लॉ नावाचा फेरीवाला आला. तिने त्याच्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने पेटी उघडायला नकार दिला. थोड्याच वेळात तो कोसळला, एक बाजू लुळी पडली. आजचा कुणीही डॉक्टर हा झटका आहे असं सांगेल. पण आपण नाही म्हटलं आणि लगेच हे झालं, हे त्याच्या मनात बसलं, आणि मुलीच्याही मनात बसलं. तिने स्वतःच कबुली दिली. चौकशी तिच्या आजीपर्यंत पोचली. डेमडाइक या नावाने ओळखली जाणारी ही आजी ऐंशीच्या घरातली आणि आंधळी होती. ती खटला उभा राहण्याआधीच लँकेस्टरच्या तुरुंगात मेली. 20 ऑगस्ट 1612 ला तिथे दहा जणांना फाशी दिली गेली. नात त्यात होती.

इंग्लंडच्या खटल्यांचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांना हाच क्रम पुन्हा पुन्हा सापडला. म्हातारी दारात येते, थोडं दूध, थोडं पीठ, काहीतरी मागते. घरचे तिला रिकाम्या हाताने परत पाठवतात. ती पुटपुटत जाते. मग मूल आजारी पडतं किंवा लोणी येत नाही. पूर्वी शेजाऱ्याला देणं हा धर्म होता. काळ बदलला, हात आखडला, पण मन अजून जुनंच होतं. ते टोचत राहिलं. आपल्याकडे तळतळाट लागतो म्हणतात, तोच हा तळतळाट. फरक इतकाच की तिथे त्याला कोर्ट मिळालं.

युरोपात साधारण 1450 ते 1750 या तीनशे वर्षांत चेटकाच्या आरोपाखाली चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक बायका. सगळ्या म्हाताऱ्या नव्हत्या. आइसलँडमध्ये तर मारले गेलेले बहुतेक पुरुष होते. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस गावात 1782 मध्ये ज्या ॲना गोल्डीचं डोकं उडवलं, ती घरकाम करणारी मोलकरीण होती. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया घातल्याचा तिच्यावर आरोप होता. तिथल्या विधानसभेने तिला 2008 मध्ये निर्दोष ठरवलं, सव्वादोनशे वर्षांनी.

गोष्टी मात्र कोर्टापेक्षा शहाण्या असतात. हे मी अगदी मनापासून लिहितेय. कोर्टाला म्हातारी एक तर दोषी हवी नाहीतर निर्दोष. गोष्टीतली म्हातारी खाईल पण आणि देईल पण. माझी सगळ्यात आवडती, रशियाची बाबा यागा, ही त्याचं सर्वांत देखणं उदाहरण.

तिचं घर कोंबडीच्या पायांवर उभं. कुंपण माणसांच्या हाडांचं, त्यावर कवट्या, आणि रात्र झाली की कवट्यांचे डोळे पेटतात. ती उखळात बसून उडते, मुसळाने वल्हवते आणि झाडूने मागच्या खुणा पुसत जाते. उखळ, मुसळ, झाडू. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी ज्यांनी आजीच्या घरी उखळ पाहिलंय, ती इथे हमखास ओरडतात. वासिलिसा नावाची पोरकी मुलगी तिच्याकडे विस्तव मागायला येते. सावत्र आईच्या घरातला दिवा विझलाय, आणि सावत्र बहिणींनी तिला मुद्दाम या घरी पाठवलंय. वासिलिसाजवळ आहे ती मरताना आईने दिलेली एक बाहुली. बाहुलीला आधी घास द्यायचा, मग आपलं दुःख सांगायचं.

बाबा यागा विस्तव फुकट देत नाही. अंगण झाड, घर सारव, रांध, कपडे धू, आणि कोठारातले गहू निवडून काळे दाणे वेगळे कर. दुसऱ्या दिवशी खसखस, तीही मातीत मिसळलेली. इथे मी खरोखरच थोडे गहू आणि मोहरी एका सुपात मिसळून मुलांपुढे ठेवते. दोन मिनिटं निवडल्यावर त्यांना कळतं की हे काम म्हणजे काय. वासिलिसाचं काम बाहुली करते. मग ती जंगलात पाहिलेल्या तीन घोडेस्वारांबद्दल विचारते, पांढरा, तांबडा आणि काळा. म्हातारी सांगते, पांढरा माझा दिवस, तांबडा माझा सूर्य, काळा माझी रात्र. माझा! ही काय साधीसुधी चेटकीण आहे? दिवस-रात्र जिच्या चाकरीला आहेत ती. वासिलिसा घरातलं काही विचारत नाही, फक्त बाहेरचं विचारते. म्हातारीला ते आवडतं, घरातल्या गोष्टी बाहेर नेणारे तिला खपत नाहीत. शेवटी आईच्या आशीर्वादावर हे सगळं झालं हे कळताच ती मुलीला घराबाहेर काढते, पण रिकाम्या हाताने नाही. कुंपणावरची एक पेटती कवटी काठीवर खोचून देते. विस्तव मागितला होतास ना, घे. त्या कवटीच्या नजरेने सावत्र आई आणि बहिणींची राख होते.

या गोष्टीत देणंघेणं चोख आहे. कुणी काही चुकवत नाही. मुलीने काम दिलं, म्हातारीने विस्तव दिला, आणि ज्यांनी पोरकीला छळलं त्यांची वसुली झाली.

ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापलेली हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट मला त्यामानाने कमी भावते. तिथे दुष्काळ पडलाय, घरात भाकरी नाही, आणि आईच मुलांना रानात सोडून यायला सांगते. पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई आहे, सावत्र ती नंतरच्या आवृत्तीत झाली. भट्टीत मात्र जाते ती मुलांना खायला टपलेली रानातली म्हातारी. गोष्ट थरारक आहे, मीही सांगते, पण सांगताना दुष्काळ विसरू देत नाही.

भुकेचा विषय निघालाच आहे तर जपानला जायला हवं. तिथे डोंगरात राहणारी यामाउबा आहे, वाटसरूला आसरा देते आणि रात्री खाते. तीच यामाउबा आशिगारा डोंगरात किंतारो या प्रचंड ताकदीच्या मुलाला वाढवते, तिथे ती आई आहे. आणि त्याच देशात म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन डोंगरावर सोडून येणाऱ्या मुलाच्याही दंतकथा आहेत. नागानो भागात तर 'म्हातारीला सोडायचा डोंगर' अशा अर्थाच्या नावाचा डोंगरच आहे. या दोन गोष्टी मी जोडून सांगते, कुणी सांगितलं नसलं तरी. डोंगरावर सोडून आलेल्या आईचं पुढे काय झालं असेल, हा विचार ज्या घरांना पडत असेल, त्या घरांत यामाउबेची भीती वाटणारच.

जिथे तिचं देणं वेळच्या वेळी दिलं, तिथे हीच म्हातारी देवी झाली. मला सगळ्यात जास्त यावर बोलायचं असतं आणि नेमका तेव्हाच तास संपतो.

आपली सटवाई घ्या. बाळ जन्मलं की पाचवीला पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन कपाळी लिहिते. नोकरीत मी ही पूजा किती घरांत पाहिली. शिकलेल्या घरांत बॉलपेन, पाड्यावर कुणाच्या तरी दप्तरातली पेन्सिल. हीच सटवाई रागावली तर बाळ घेऊन जाते, अशीही भीती. ग्रीसमध्ये मिराई, म्हणजे नशिबाच्या देवी, बाळाचं नशीब ठरवायला तिसऱ्या रात्री येतात अशी समजूत होती, आणि त्यांच्यासाठी मध-बदाम मांडून ठेवायचे. इकडे पाटा, तिकडे मध. दारात येणारीला काही ठेवायचं, हे दोन्हीकडच्या बायकांना कळलं होतं.

महाभारताच्या सभापर्वात जरा नावाची राक्षसी आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल होतं. दायांनी ते तुकडे चव्हाट्यावर टाकले. मांस खाणारी जरा ते उचलून न्यायला एकत्र धरते आणि तुकडे जुळून मूल रडायला लागतं. ती ते खाऊ शकली असती. राजाला आणून देते. तोच जरासंध. आणि ती राजाला सांगते की मी घराघरात राहते, मला गृहदेवी म्हणतात, जो मला लेकरांसह भिंतीवर चितारून पूजेल त्याच्या घरी भरभराट होईल. कच्चं मांस खाणारी, आणि तीच घरच्या भिंतीवरची देवी. कोर्टाने हिचं काय केलं असतं?

जपानमध्येच मेलेल्या माणसाला सान्झू नदी ओलांडायची असते, आणि काठावर दात्सुएबा नावाची म्हातारी त्याचे कपडे उतरवून घेते. ते झाडाच्या फांदीवर टांगले की फांदी किती वाकते यावरून पापाचं वजन कळतं. भयंकर आहे ना? पण टोकियोच्या शोजुइन देवळात लोक याच म्हातारीला कापूस वाहतात, खोकला बरा व्हावा म्हणून. प्रेताला आंघोळ घालणाऱ्या माझ्या सुईणीची आठवण मला या म्हातारीपाशी होते.

स्कॉटलंडची कॅलियाख तर हिवाळाच आहे. ती डोंगर रचते, थंडी सोडते, समुद्राच्या भोवऱ्यात आपली शाल धुते आणि शाल पांढरी झाली की जमिनीवर बर्फ पडतं. पर्थशायरमध्ये ग्लेन लायन या आडबाजूच्या खोऱ्यात तिचं हातभर उंचीचं दगडी घर आहे. त्यात नदीने घासून गुळगुळीत केलेले काही दगड, म्हणजे म्हातारी, तिचा म्हातारा आणि त्यांची पोरं. मेच्या सुरुवातीला खोऱ्यातला माणूस ते दगड बाहेर काढून मांडतो, हिवाळा लागताना पुन्हा आत ठेवून दार बंद करतो. गुरं डोंगरावर चढायच्या आणि उतरायच्या वेळा या. तिथल्या हिवाळ्याचा हिशेब इतका साधा: म्हातारीला उन्हात बसू द्या, वेळेवर घरात न्या.

हडळीबद्दलही मुलं विचारतात, म्हणून थोडक्यात. तिचे पाय उलटे आणि पाठ पोकळ, पुढून धडधाकट बाई आणि मागून सांगाडा. स्वीडन-नॉर्वेच्या जंगलातली हुल्द्रा पुढून सुंदर आणि मागून कुजलेल्या खोडासारखी पोकळ. हे कसं जुळलं ते मला सांगता येणार नाही, पण बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते ही आपल्याकडची समजूत माझ्या धंद्यातल्या कुणालाही चटका लावेल. इथेही बाकी राहिलेलीच आहे कुणाची तरी.

आणि घरातलंच हवं असेल तर दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, आणि जुन्या घरांत त्याच रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला, म्हणजे अक्काबाईला, बाहेर काढायची रीत होती. अक्काबाई लक्ष्मीची थोरली बहीण. धाकटीला रांगोळी, थोरलीला उंबऱ्याबाहेर. माझी आई मात्र सूप वाजवून झालं की हळूच म्हणायची, "जा बाई, सुखाने जा."

आता तक्रारवाल्यांकडे येते. मुलं आजीला घाबरतील म्हणून या गोष्टी बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ज्यांनी म्हाताऱ्या बायकांना मारलं त्यांनी बाबा यागाची गोष्ट पुरती ऐकली नव्हती. त्यांना म्हातारीचा एकच हात शिकवला होता, घेणारा. आपल्या राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा 2013 मध्ये झाला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, आणि अध्यादेश त्यानंतर निघाला. लँकेस्टरच्या फाशीचीही तारीख हीच, नुसता योगायोग, पण मला दरवर्षी दोन्ही आठवतात. त्या कायद्याच्या अनुसूचीत, अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं, हाही गुन्हा म्हणून लिहिलाय. गाय आटली म्हणून कडेच्या झोपडीकडे बोट दाखवणं आता गुन्हा आहे. झारखंडमध्ये डायन ठरवून हाकललेल्या छुटनी महतो यांनी पुढे तशाच छळल्या गेलेल्या बायकांना वाचवायचं काम हाती घेतलं, त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या मुलांच्या वर्गात मी हेही सांगते, गोष्टीनंतर लगेच, वेगळा तास न करता.

आपल्याकडच्या मुलांना एक फायदा आहे. त्यांना रानातून एकटी जाणारी म्हातारी बालवाडीपासून ठाऊक असते. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा, असं वाघाला सांगून भोपळ्यात बसून टुणुक टुणुक घरी येणारी. तिथे वाघ-कोल्हे खाणारे आणि म्हातारी शहाणी. बाबा यागा सांगण्याआधी मी कधी कधी हीच सांगते आणि मग विचारते, त्या भोपळ्यातल्या आजीला बाबा यागाच्या घरी रात्र काढावी लागली तर दोघी काय बोलतील? सातवीच्या एका वर्गाने ठरवलं की बाबा यागा तिला आधी गहू निवडायला लावेल आणि आजी म्हणेल, चष्मा नाही, तू निवड, मी शेगडीपाशी बसते.

आणि रात्री मूल घाबरलं तर काय करायचं, हेही तुम्ही विचारता. गोष्ट अर्धी सोडू नका. कुंपणावरच्या कवट्यांपाशी थांबाल तर ते रात्रभर तिथेच उभं राहील. वासिलिसा विस्तव घेऊन घरी पोचेपर्यंत सांगा. मधेच झोप लागली तर उरलेली सकाळी दूध पिताना सांगा, आणि बाहुलीला घास द्यायचं राहू देऊ नका.